दहा श्वासांचा एक मणी

एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्या शेजारी मण्यांच्या दोन ओळी. गडचिरोलीच्या खेड्यांत दाईच्या हाती दिलेलं उपकरण एवढंच होतं. बाळाचं पोट उघडं करायचं, घटिका उलटी करायची आणि पोट वरखाली होताना बघत श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात करायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, त्याहून मोठ्या मुलासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. जिला साठपर्यंत आकडे येत नव्हते, जिच्या घरी घड्याळ नव्हतं, पण गावातली कितीतरी माणसं जिच्या हातावर जन्मली होती, अशा बाईला या मण्यांनी निदान करता येऊ लागलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये या साधनाची माहिती प्रसिद्ध केली. नाव साधंच ठेवलं होतं : ब्रेथ काउंटर.

अंगावर चिकटवायच्या पट्ट्या, मनगटावरची कडी, छातीवरचे कागदाइतके पातळ सेन्सर यांचा इतिहास सांगायला बसलं की इटली, अमेरिका, जपान अशी नावं ओघानं येतात. ती या लेखातही येतील. पण दवाखान्यापासून दूर, झोपडीतल्या एका जिवाच्या श्वासावर, उष्णतेवर आणि वजनावर दिवसामागून दिवस नजर ठेवायची आणि बिघाड दिसताच तिथेच उपचार करायचा, हे काम जगात ज्या मोजक्या ठिकाणी पहिल्यांदा नीट उभं राहिलं, त्यांत गडचिरोली आहे. म्हणून सुरुवात मण्यांपासून.

गडचिरोली जिल्हा मुळात चंद्रपूरचाच पूर्वेकडचा भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. वैनगंगा, इंद्रावती, प्राणहिता, गोदावरी या नद्यांच्या मधला, बहुतेक जंगलाखाली असलेला, गोंड आणि माडिया वस्त्यांचा मुलूख. पावसाळ्यात नाले भरले की तालुक्याचं गावही बेटासारखं तुटतं, भामरागडला हे जवळपास दरवर्षीचं. अशा ठिकाणी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेलं हे डॉक्टर दांपत्य १९८६ मध्ये येऊन राहिलं. ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेचं पहिलं ठिकाण म्हणजे तेंदूपत्ता साठवायचं एक गोदाम. पुढे धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम उभं राहिलं. तिथला दवाखाना लोकांना आपल्या गावासारखा हवा होता, म्हणून तो तसा बांधला गेला आणि त्याला नावही देवीचं मिळालं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

लहान मुलं कशानं दगावतात, याची गावोगाव नोंद ठेवायला सुरुवात झाली तेव्हा न्यूमोनिया ठळकपणे पुढे आला. गावात त्याला ‘डब्बा’ म्हणत. बाळाचं पोट उडतंय, धाप लागलीय, दूध ओढत नाही, हे आयांना नेमकं दिसत असे. दिसण्यात काही कमी नव्हतं. पुढे काय करायचं याला मात्र गावात उत्तर नव्हतं, आणि दवाखाना एक नदी किंवा एक दिवस पलीकडे होता.

इथे पापुआ न्यू गिनीतल्या एका कामाचा मोठा आधार मिळाला. तिथे फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं होतं की खोकणाऱ्या मुलाचा न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप किंवा क्ष-किरण यंत्र नसलं तरी चालतं. श्वासांचा वेग मोजला तरी पुष्कळ कळतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं वयानुसार सीमा ठरवल्या : दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आजार शरीराच्या आत, पण त्याची खूण पोटाच्या कातडीवर वरखाली होताना उघड दिसते. त्यासाठी बघणारा माणूस हवा आणि मिनिट मोजायचं साधन हवं.

१९८८ मध्ये सर्चनं १०२ गावांत प्रयोग सुरू केला. ५८ गावांत आयांना न्यूमोनियाची खूण शिकवली गेली आणि आरोग्य कर्मचारी व दाया यांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल हे तोंडाने द्यायचं औषध दिलं गेलं. उरलेल्या ४४ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या ६१२ मुलांवर उपचार झाले आणि त्यांतली ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर एकीकडे हजारी ८.१, दुसरीकडे १७.५. हे आकडे मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा अंकांपेक्षा मला त्यांमागची माणसं दिसतात. हे निदान आणि हे उपचार पदवीधर डॉक्टरांनी केलेले नव्हते. ज्या बायकांना औषधाच्या गोळीला हात लावू द्यावा का यावर तेव्हा शहरांतल्या बैठकांत गंभीर चर्चा चालत असे, त्या बायकांनी केलेले होते.

न्यूमोनियाचं हे काम झाल्यावर उरले ते जन्मल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू. ते आकड्यांत फार मोठे होते. १९९३ पासून ३९ गावं प्रयोगासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी निवडून जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद सुरू झाली. दर हजार जन्मांमागे ६० च्या आसपास बाळं महिन्याच्या आत जात होती. बहुतेक बाळंतपणं घरी. बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, कित्येकदा बाहेरच्या माणसाची नजरही पडणार नाही अशी. डॉ. अभय बंग यांनी एका प्रसंगाविषयी लिहिलं आहे : पावसाळ्यात एक आई आणि आजी अखेरच्या घटका मोजणारं बाळ घेऊन त्यांच्या घरी धावत आल्या आणि काही मिनिटांत ते बाळ त्यांच्यासमोर गेलं. नंतर बसून त्यांनी त्या मृत्यूची कारणं लिहून काढली. ती अठरा निघाली. आईचं अपुरं पोषण, जन्माचं कमी वजन, घरातली गरिबी, भरलेला नाला, उशिरा कळलेला आजार. साखळीतली एक जरी कडी वेळेत तोडता आली असती तरी बाळ वाचलं असतं.

१९९५ मध्ये त्या ३९ गावांत गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका निवडल्या गेल्या. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. त्यांच्या पिशवीत वजनाचा स्प्रिंगकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायचं साधन आणि भेटींच्या नोंदीचा कागद असे. बाळंतपणाला हजर राहायचं आणि मग १, २, ३, ५, ७, १५, २१ आणि २८ व्या दिवशी घरी जायचं. पहिलं वर्ष त्यांनी मुख्यतः बघितलं, मोजलं आणि लिहिलं. ७६३ नवजातांच्या या नोंदीतून जे बाहेर आलं ते तोवर कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत नव्हतं. ४२ टक्के बाळं कमी वजनाची. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती मिळाली होती जेमतेम २.६ टक्के बाळांना.

या नोंदीतून जंतुसंसर्ग ओळखायच्या ज्या खुणा तयार झाल्या, त्या मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतात. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं आता मंदावलं आहे का? आधी जोरात चोखणाऱ्या बाळाचं चोखणं आईला कमी वाटतंय का? आधी चळवळ करणारं बाळ आता मलूल पडलं आहे का? अंग तापलं आहे की गार पडलं आहे? छाती आत ओढली जातेय का, बाळ कण्हतंय का, श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला का? पोट फुगलं, उलट्या होतात? बेंबीत पू आहे? यांपैकी दोन खुणा एकदम दिसल्या की संसर्ग धरायचा. पहिल्या तीन प्रश्नांतला ‘आधी’ हा शब्द बघा. एकदाच तपासून जाणाऱ्या डॉक्टरला हा शब्द वापरताच येत नाही, कारण त्यानं आधी काही पाहिलेलंच नसतं. बाळाची तुलना पुस्तकातल्या सरासरीशी करून भागत नाही, त्याच बाळाच्या कालच्या दिवसाशी करावी लागते, आणि त्यासाठी कालचा दिवस कुणाच्या तरी डोळ्यांत आणि कागदावर असावा लागतो. आज अंगावरचे सेन्सर बनवणारे अभियंते ज्याला त्या माणसाची स्वतःची मूळपातळी म्हणतात आणि ती शिकायला यंत्राला काही दिवस द्यावे लागतात, ते गडचिरोलीत आई आणि आरोग्यदूत मिळून करत होत्या. भेटींच्या मधल्या काळात बाळावर सतत लागलेली नजर आईचीच होती.

दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे १९९६ पासून, आरोग्यदूतांच्या पिशवीत जेंटामायसिनचं इंजेक्शन आलं. खेड्यातल्या, डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या बाईनं नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं! विरोध होणारच होता आणि प्रश्न रास्तही होते : डोस चुकला तर, सुई दूषित असली तर. त्यांचं उत्तर कडक प्रशिक्षणानं, वारंवारच्या देखरेखीनं आणि प्रत्येक इंजेक्शनच्या नोंदीनं दिलं गेलं. संसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता आणि तुलनेच्या गावांत ५९.६. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

बघणं आणि मोजणं आधीच्या वर्षीही चालू होतं. मृत्यू खऱ्या अर्थानं खाली आले ते मोजणारीच्याच हाती औषध आल्यावर. ही गोष्ट पुढच्या यंत्रांच्या कहाणीत मी विसरू इच्छित नाही.

आता दुसरीकडे वळू. शरीरावर सतत लक्ष ठेवायची ओढ जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या सांक्तोरिओ या वैद्याने नाडी मोजायचं लंबकाचं साधन बनवलं, तापमापकासारखं यंत्र वापरलं, आणि स्वतः तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं आपलं वजन नोंदवलं. अंगावर वागवायचं यंत्र मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर आलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी हृदयाचे विद्युत्संकेत रेडिओनं पाठवणारं यंत्र बनवलं, ते सुमारे ३८ किलो वजनाचं होतं आणि पाठीवर घ्यावं लागे! १९६१ पर्यंत ते इतकं लहान झालं की माणूस दिवसभर वागवू शके, आणि आजही हृदयरोगतज्ज्ञ ‘होल्टर लावा’ म्हणतात ते त्यांच्याच नावानं. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कानाच्या पाळीतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या नाडीगणिक होणाऱ्या चढउतारावरून रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण काढायची युक्ती शोधली. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेलं ऑक्सिमीटर त्याच युक्तीचं.

२०११ मध्ये अमेरिकेतले संशोधक जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये कातडीबरोबर वाकणारी, ताणली जाणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी दाखवली, गोंदणासारखी अंगाला बिलगणारी. २०१९ मध्ये त्याच गटाने अतिदक्षता विभागातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दोन बिनतारी सेन्सर बनवले, एक छातीवर, एक पावलावर. नवजात कक्षात उभं राहिलेल्या कुणालाही याचं मोल सांगायला नको. तारांच्या जंजाळातलं बाळ आईला नीट कुशीत घेता येत नाही, आणि चिकटपट्टी काढताना त्याची कोवळी कातडी सोलून निघते. तारा गेल्या की बाळ पुन्हा आईच्या अंगाला लागू शकतं. कमी वजनाच्या बाळाला ऊब द्यायला आईच्या उघड्या छातीइतकं चांगलं साधन नाही, हे कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७८ पासून दाखवून दिलेलं होतंच.

गडचिरोलीच्या धाग्याशी सर्वांत जवळची उपकरणं मात्र आणखी साधी आहेत. बेंगळुरूच्या बेंपू या कंपनीनं नवजात बाळाच्या मनगटावर बांधायचं कडं बनवलं. ते बाळाचं तापमान सतत बघतं, ठीक असेल तर निळा दिवा लुकलुकतो, अंग गार पडू लागलं की नारिंगी दिवा आणि आवाज. ऐकून आईनं बाळाला छातीशी घ्यायचं. कड्याची मुदत साधारण चार आठवडे, म्हणजे आरोग्यदूताच्या भेटी जेवढा काळ चालत तेवढीच. दुसरं उपकरण फिलिप्सचं, मुलाच्या पोटावर पट्ट्यानं बांधायचं. हालचाल ओळखणारा सेन्सर पोटाच्या वरखाली होण्यावरून श्वास मोजतो आणि वयाप्रमाणे वेग जास्त आहे का ते सांगतो. युनिसेफच्या पुढाकारातून इथिओपिया आणि नेपाळमध्ये त्याची गावपातळीवर चाचणी झाली. मण्यांच्या दोन ओळी जे काम करत होत्या, ते आता एका पट्ट्यात आलं. हे चांगलंच झालं, असं मी मनापासून म्हणतो. वळवळणाऱ्या, रडणाऱ्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजणं भल्याभल्या बालरोगतज्ज्ञांनाही कठीण जातं. नवजाताचा श्वास तर मुळातच अनियमित, मध्येच थांबणारा, म्हणून साठाच्या वर आला तर पुन्हा मोजावा लागतो. जे यंत्र हा भार हलका करील ते गावोगावी घरभेटी देणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंच्या पिशवीत असायलाच हवं.

पण कोणत्या कातडीवर तपासलेलं यंत्र, हा प्रश्न इथे आधी विचारला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निरीक्षण आलं. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ असा बरा आकडा दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असल्याचं अमेरिकेतल्या काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. कातडीतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं, आणि यंत्राची जुळणी प्रामुख्यानं उजळ कातडीवर झालेली. एवढं सोपं यंत्र कित्येक दशकं वापरात असून हे इतक्या उशिरा मान्य झालं. माडिया बाळाच्या पावलावर असा सेन्सर लावायचा असेल, तर त्याची जुळणी अमेरिकेतल्या रुग्णालयात झाली आहे एवढं पुरेसं नाही.

उष्णतेचंही तसंच. चंद्रपूरच्या उन्हाळ्याला देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांच्या यादीत जवळपास दरवर्षी जागा असते. मे महिन्यात पत्र्याखाली, कपड्यात गुंडाळलेल्या बाळाचं अंग तापलेलं लागणारच. तो ताप संसर्गाचा की छपराचा, हे केवळ आकड्यावरून ठरत नाही. बाळाला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, थोड्या वेळानं पुन्हा मोजणारा हात लागतो. आणि गडचिरोलीच्या नोंदींनी शिकवलंय ते असं की एकट्या तापमानावर निदान उभं करायचंच नाही, दुसरी खूण हवी. रडणं मंदावलं का, हे आईला विचारावं लागतं.

त्यात मोबाईलच्या रेंजची गोष्ट वेगळीच. सेन्सरचा आकडा फोनवर, फोनवरून दूरच्या केंद्रावर आणि तिथून डॉक्टरकडे, ही वाट एटापल्ली-भामरागड तालुक्यांतल्या कित्येक गावांत पहिल्याच पायरीला अडते. आकडा पोहोचला तरी नाला भरलेला असेल तर गाडी पोहोचत नाही.

गडचिरोलीची पद्धत पुढे पसरली. महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात ती आपापल्या भागात राबवली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजातांच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि २०११ पासून भारत सरकारने ती देशभर आशांकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सोबत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला उबदार ठेवायची पिशवी. आणि या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाताईला मिळणारा मोबदला ठरला २५० रुपये.

हा आकडा मला सलतो. अंगावरच्या सेन्सरच्या परिषदांत एका पट्टीची किंमत किती खाली आणता येईल यावर चर्चा होते, ती व्हावीच. पण पट्टी वाजल्यावर रात्री उठून जी जाणार, तिच्या श्रमाची किंमत वर न्यायची बोलणी त्याच टेबलावर व्हायला हवीत. गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूताला नीट प्रशिक्षण होतं, वेळेवर औषध होतं, तिच्या नोंदी दर काही दिवसांनी येऊन वाचणारा पर्यवेक्षक होता. देशभर पसरताना यातलं पुष्कळ पातळ झालं. अनेक ठिकाणी भेट झाल्याचा तक्ता भरतो, श्वास मात्र मोजला जात नाही. पोटावरचा पट्टा इथे खरोखर उपयोगी पडेल. तो पूर्ण मिनिट मोजेल, आणि आशाताईकडे तेवढा वेळ आईशी बोलायला उरेल.

तेव्हा अशा उपकरणाची चाचणी करायची असेल, तर ती नागपूर-पुण्याच्या वातानुकूलित कक्षात आटोपून मग ‘दुर्गम भागासाठीही उपयुक्त’ अशी ओळ जोडण्याची पद्धत सोडायला हवी. जुलैत भामरागडला आणि मेमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पत्र्याच्या घरांत ती चाचणी व्हावी. पट्ट्याच्या आकड्याशेजारी आशाताईनं स्वतः मोजलेला आकडा आणि आईनं सांगितलेलं लिहिलं जावं. यंत्र वाजल्यापासून बाळाच्या तोंडात औषधाचा पहिला थेंब पडेपर्यंत किती तास गेले, हे निष्कर्षांच्या पहिल्या ओळीत छापावं. १९८८ मध्ये गोदामातून निघालेल्या माणसांनी ओळखण्यापासून उपचारापर्यंतचा असाच हिशेब मांडला होता, आणि तो आजही त्याच गावांत मांडता येतो.